परदेशात इंग्रजी शिकवायचंय? आधी देश, मग प्रमाणपत्र, शेवटी फी
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज कशाकशासाठी येतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, बी-बियाणं, मुलांची फी. आता त्यात एक नवं कारण आलंय. एखादी ताई सांगते, "पोरगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली. परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते म्हणे. त्याच्यासाठी एक कोर्स आहे. दीड लाख लागतील." मग बाकीच्या नऊजणी एकमेकींकडे बघतात. शेळी बघून सांगता येते, म्हैस दूध काढून बघता येते. हा कोर्स कसा बघायचा?

आज त्याबद्दलच बोलू. मुलीला जायचं असेल तर तिला, आणि पैसे द्यायचे असतील तर गटाला, दोघांनाही उपयोगी पडेल असं सांगते. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

आधी नावाचा गोंधळ सोडवू. जाहिरातीत टेफल, टेसॉल, सेल्टा असे शब्द असतात. टेफल म्हणजे ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण. टेसॉलचाही अर्थ जवळपास तोच. हे प्रकाराचं नाव आहे, एका कोर्सचं नाव नाही. जसं 'शिवणक्लास'. पाटी कोणीही लावू शकतं. आयटीआयचं शिवणकामाचं प्रमाणपत्र वेगळं आणि गल्लीतल्या क्लासचं वेगळं. गल्लीतली बाई कदाचित जास्त चांगलं शिकवत असेल, पण कारखान्याचा साहेब तिची सही ओळखत नाही.

टेफलचं तसंच आहे. साऱ्या जगातल्या टेफल कोर्सवर लक्ष ठेवणारी एकच सरकारी संस्था नाही. म्हणून "आमचा कोर्स आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त" या वाक्याला एकट्याला काही किंमत नाही. मान्यता कोणाची, असा पुढचा प्रश्न विचारायचा. कधी कधी मान्यता देणारं मंडळसुद्धा त्याच लोकांनी काढलेलं असतं. घरचाच नवरदेव आणि घरचाच भटजी.

मग सुरुवात कुठून करायची? बहुतेक मुली कोर्सपासून सुरुवात करतात. कोर्स शोधतात, फी भरतात, प्रमाणपत्र हातात आलं की देश शोधायला लागतात. हे उलटं होतं. आधी देश ठरवा. त्या देशात परक्या माणसाला शिक्षक म्हणून काम करायचं असेल तर तिथला कायदा काय मागतो ते बघा. मग तिथल्या शाळा काय मागतात ते बघा. त्यावरून कुठलं प्रमाणपत्र लागतं ते कळेल. फीचा विषय सगळ्यात शेवटी.

असं का म्हणते, ते चार देशांच्या उदाहरणांवरून सांगते.

पहिला दक्षिण कोरिया. तिथे भाषा शिकवायला येणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. इंग्रजीसाठी तो साधारणपणे सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्या सातांत नाही. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला, त्यात भारतीय सहायक शिक्षकांसाठी एक वाट ठेवलेली आहे. पण ती वाट पदवी आणि शिक्षकाची रीतसर पात्रता असणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या टेफलवर ते दार उघडत नाही.

दुसरा जपान. तिथल्या शाळांत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी एक अट आहे. जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून बारा वर्षं शिक्षण झालेलं असलं पाहिजे. आपली मुलगी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मराठी माध्यमाच्या शाळेत शिकली असेल, तर तिचं इंग्रजी कितीही फर्डं असो, हा हिशेब जुळत नाही. पन्नास हजारांचा कोर्स केला काय आणि दोन लाखांचा केला काय, शाळेची ती वर्षं काही बदलत नाहीत.

तिसरा व्हिएतनाम. इथे भारतीयांना जागा आहे. पण तिथे पदवी लागते, शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना आपलं इंग्रजी वरच्या पातळीचं आहे याचा पुरावा द्यावा लागतो. शिवाय कामाचा परवाना काढायला पोलिसांचा दाखला आणि आरोग्य तपासणी. टेफलचा खरा उपयोग होतो तो अशा देशात.

चौथा संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा. तिथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत. त्या शाळांना शिक्षक हवे असतात, पण त्या विषयाची पदवी आणि बी.एड. विचारतात. वर कागदांवर शिक्के लागतात: आधी राज्य सरकारचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या दूतावासाचा. आखाताकडे जायचं मनात असेल तर टेफलमागे धावण्याआधी बी.एड. पूर्ण करणं शहाणपणाचं.

बघा, मुलगी एकच, तिचं शिक्षणही एकच. पण एका देशात प्रमाणपत्र उपयोगी, दुसऱ्यात अपुरं आणि तिसऱ्यात निरुपयोगी. हे फी भरण्याआधी कळलं तर माहिती, नंतर कळलं तर कर्ज. नियम बदलतात, म्हणून त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाच्या किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. कोर्स विकणाऱ्याने सांगितलेला नियम धरून चालू नका.

आता समजा, देश ठरला आणि तिथे प्रमाणपत्र लागतं हेही पक्कं झालं. मग ते घ्यायचं कुठून?

जगभरच्या शाळा ज्यांची सही ओळखतात अशी दोन नावं आहेत. एक सेल्टा. हे केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं. दुसरं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं, त्याला सर्ट टेसॉल म्हणतात. सेल्टामध्ये साधारण १२० तास प्रत्यक्ष शिकवणी असते आणि त्याशिवाय घरी करायचा अभ्यास. ट्रिनिटीचे तास किमान १३०. पूर्ण वेळ केला तर कोर्स चार-पाच आठवड्यांत होतो, अर्धवेळ केला तर काही महिने लागतात.

पण तासांचा आकडा बाजूला ठेवा. या दोन्ही कोर्सचं खरं मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. दोन्हींमध्ये सहा तास तुम्हाला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवावं लागतं. मागे तुमची शिक्षिका वही घेऊन बसलेली असते. तुम्ही कुठे अडखळलात, कुठे स्वतःच जास्त बोललात, मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडे बघितलंत का नाही, हे ती लिहिते आणि नंतर समोर बसवून सांगते. शिवाय कोर्स नीट चाललाय का, हे बघायला बाहेरून परीक्षक येतो.

आता इंटरनेटवर मिळणारा दोन-तीन हजारांचा कोर्स घ्या. त्यावरही १२० तास लिहिलेलं असतं. पण त्यात काय असतं? वाचायचं, व्हिडिओ बघायचा, योग्य उत्तरावर खूण करायची. माणूस समोर नाही. पोहायचं पुस्तक पाठ केलं म्हणून कोणी विहिरीत उडी मारत नाही. असा कोर्स अगदी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. शिकवणं आपल्याला जमेल का, आवडेल का, याची चव घ्यायला तो ठीक आहे. काही देशांत कागद म्हणूनही चालतो. पण त्याच्यासाठी पन्नास हजार कोणी मागत असेल, तर उठून यायचं.

सावित्रीबाईंनीसुद्धा मुलींच्या वर्गासमोर उभं राहण्याआधी अहमदनगरला आणि पुण्याला शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलं होतं. आपल्याला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं, हे त्या काळीही माहीत होतं.

जाहिरातीत आणखी एक शब्द वाचाल, 'लेव्हल ५'. इंग्लंडमध्ये परीक्षा आणि प्रमाणपत्रांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा आहे, तिचं नाव ऑफक्वाल. तिने पातळ्या ठरवल्या आहेत. सेल्टा आणि ट्रिनिटी दोन्ही पाचव्या पातळीवर आहेत. म्हणून बाकीचेही आपल्या कोर्सवर लेव्हल ५ लिहितात. ते खरं आहे का हे बघता येतं, कारण ऑफक्वालची यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. पण लेव्हल ५ खरंच असलं, तरी त्यात वर्गात शिकवण्याचा एकही तास नाही असे कोर्सही आहेत. म्हणून पातळी बघा आणि शिकवण्याचे तासही बघा.

सेल्टा आता ऑनलाइनही होतो. वर्ग, शिकवणं, परीक्षण सगळं व्हिडिओवर, आणि प्रमाणपत्र तेच. त्यामुळे पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च वाचतो. पण तुमचा पाठ ऐन रंगात आला आणि गावातली लाईट गेली, की काय होतं ते तुम्ही जाणता. तेव्हा तेवढे आठवडे तालुक्याच्या गावी, जिथे इंटरनेट टिकतं अशा नातेवाइकांकडे राहायची सोय होते का ते आधी बघा.

आपल्या देशातही चांगल्या जागा आहेत. हैदराबादला इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजीचे शिक्षक तयार करायला १९५८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेतून ते वाढलं. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक्रम तिथे आहेत. आपल्याकडे कोणी 'विद्यापीठाचं प्रमाणपत्र' म्हणून काही देत असेल, तर ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते बघा. यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करते. आणि बी.एड. करायचं असेल तर त्या कॉलेजला एन.सी.टी.ई.ची मान्यता आहे का ते विचारा.

आता संस्थेत गेल्यावर विचारायचे प्रश्न. हे लिहून घ्या.

एक. प्रमाणपत्रावर कोणाचं नाव छापलेलं असेल? तुमचं, की केंब्रिज किंवा ट्रिनिटीसारख्या दुसऱ्या कोणाचं? दुसऱ्याचं असेल तर घरी येऊन त्या दुसऱ्याच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी बघा. त्या यादीत ही संस्था असलीच पाहिजे.

दोन. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर मी किती तास शिकवणार, आणि ते बघायला कोण बसणार? सोबत शिकणाऱ्या मैत्रिणींनाच विद्यार्थी करून शिकवलं, तर ते मोजू नका.

तीन. प्रवेशाआधी माझी परीक्षा घेणार का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सेल्टाच्या प्रवेशाला आधी लेखी काम देतात आणि मुलाखत घेतात. इंग्रजी कच्चं असेल तर नाही म्हणतात. 'नाही' म्हणणारी संस्था आपल्याला आवडत नाही, पण तीच खरी. जी संस्था काही न विचारता लगेच फीचा फॉर्म पुढे करते, तिचं लक्ष पैशांवर आहे.

चार. फीमध्ये काय काय आलं? पुस्तकं, परीक्षा, नोंदणी, प्रमाणपत्र सगळं धरून आकडा लिहून द्या. अर्ध्यात सोडावं लागलं तर किती पैसे परत, तेही लिहून द्या.

पाच. नोकरीची हमी देता का? 'शंभर टक्के नोकरी' म्हणाले, तर त्याचा करार मागा. बहुतेक वेळा हमी म्हणजे अर्ज कसा लिहायचा ते शिकवणं आणि जाहिरातींची यादी देणं, एवढंच असतं.

सहा. तुमच्याकडे शिकून आता परदेशात शिकवणाऱ्या दोन भारतीय बायकांशी बोलायला द्या. भारतीय म्हणते, कारण इंग्लंडच्या पासपोर्टवर मिळालेली नोकरी आपल्या पोरीला मिळेलच असं नाही. त्यांना विचारा, जागा कशी आहे, पगार वेळेवर होतो का, राहायची खोली कोणी दिली, आजारी पडल्यावर कोणी विचारलं का.

काही संस्था कोर्सही घेतात आणि नोकरीला पाठवण्याचेही पैसे घेतात. इथे सावध व्हा. परदेशात नोकरीला पाठवण्याचा धंदा करायला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. परवाना असलेल्या एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर आहे. एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि तिथे तपासा. सध्याच्या नियमानुसार एजंटला सेवेचे जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येतात, आणि पावती द्यावीच लागते.

आणि एक गोष्ट तर दारावर लिहून ठेवा. "आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो," असं कोणी म्हणालं, की बोलणं तिथेच थांबवायचं. चांगल्या नोकरीच्या नावाखाली थायलंडमार्गे म्यानमार, कंबोडिया, लाओस इथे नेऊन तरुण मुलांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याच्या घटना झाल्या आहेत, आणि आपल्या सरकारने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. नोकरीचं पत्र आणि कामाचा व्हिसा हातात नसेल, तर विमानात बसायचं नाही. पासपोर्ट कोणाकडे ठेवायला द्यायचा नाही. परदेशात अडचण आली तर भारतीय दूतावास, आणि इथे ऑनलाइन पैसे बुडाले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन.

आता गटाच्या वहीकडे येऊ.

सेल्टासारख्या कोर्सची फी लाखाच्या घरात जाते. समजा, गटाने दीड लाख दिले, दोन वर्षांसाठी, महिना शेकडा एक व्याजाने. मुद्दलाचे महिना सहा हजार दोनशे पन्नास आणि पहिल्या महिन्याचं व्याज दीड हजार. म्हणजे पहिला हप्ता सात हजार सातशे पन्नास. हा हप्ता सुरू होतो पुढच्याच महिन्यात. मुलीचा पगार मात्र कोर्स, शिक्के, परवाना, व्हिसा सगळं झाल्यावर. मधल्या महिन्यांचे हप्ते कोण भरणार? आई मजुरीतून भरणार असेल तर तसं आईशी स्पष्ट बोला. आणि खर्च नुसता कोर्सचा नाही. इंग्रजीची परीक्षा, पोलिसांचा दाखला, शिक्के, विमानाचं तिकीट, आणि पहिला पगार हातात येईपर्यंत परक्या गावात खाण्या-राहण्याचे पैसे. हे सगळं एका कागदावर मांडल्याशिवाय ठराव करू नका.

माझं एक सुचवणं आहे. पैसे टप्प्याने द्या. पहिला टप्पा छोटा, इंग्रजीच्या परीक्षेपुरता. आयएल्ट्ससारखी परीक्षा दिली की मुलीचं इंग्रजी कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. कमी पडलं तर सहा महिने तयारी करायची. त्यात लाज नाही, आणि बुडतात ते थोडे पैसे. दुसरा टप्पा, संस्थेचं प्रवेशपत्र दाखवल्यावर. हे पैसे थेट संस्थेच्या बँक खात्यात, एखाद्या माणसाच्या मोबाईलवर नाही. तिसरा टप्पा, नोकरीचं पत्र आणि करार दाखवल्यावर, तिकीट आणि व्हिसासाठी. असं केलं तर कुठल्याही टप्प्यावर थांबता येतं. मंगळसूत्र गहाण टाकून एकदम सगळे पैसे भरले, की थांबता येत नाही.

आणि परदेशी जाणं नाहीच झालं तर? हाही प्रश्न फी भरण्याआधी विचारा. चांगल्या जागी शिकलेली मुलगी तालुक्याला इंग्रजी बोलायचे वर्ग घेऊ शकते, ऑनलाइन शिकवू शकते. पण आपल्याकडच्या शाळेत कायम नोकरी हवी असेल तर बी.एड. लागणारच. तेव्हा ज्या मुलीकडे बी.एड. नाही आणि पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, तिला मी आधी बी.एड. कर असंच सांगेन. टेफल नंतरही करता येतो, त्याला वयाची घाई नाही.

मैत्रिणींनो, मुलींना अडवायचं म्हणून हे सांगत नाही. गावातली पोरगी परक्या देशातल्या वर्गात फळ्यासमोर उभी राहिली, तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल. म्हणून पुढच्या बैठकीत असा अर्ज आला, तर त्या ताईला लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. मुलीलाच बैठकीला बोलवा. तिला तीन गोष्टी विचारा: कुठल्या देशात जाणार, तिथला नियम तू स्वतः कुठे वाचलास, आणि तुला शिकवताना कोण बघणार. तिन्ही उत्तरं तिने न अडखळता दिली, तर पहिल्या टप्प्याचा ठराव घ्यायला हरकत नाही. नाही देता आली, तर तिला महिनाभराचा वेळ द्या आणि पुढच्या बैठकीला पुन्हा बोलवा.